मॅनेज्ड होस्टिंग, आठ महिन्यांनंतर: कंपनी काय सांभाळते आणि काय आपल्याच अंगावर राहतं

सर्व्हर 2 कोअर, 4 जीबी रॅमचा. एनजिनएक्स (वेब सर्व्हर), पीएचपी-एफपीएम (पीएचपी कोड चालवणारा), मायएसक्यूएल 8 (डेटाबेस), आणि त्यावर वर्डप्रेसचं एक दुकान. मॅनेज्ड होस्टिंग, म्हणजे सर्व्हरची देखभाल कंपनीच करते अशी भाड्याची सेवा, आठ महिने सलग वापरल्यावरचं मत: घ्यावं, पण 'मॅनेज्ड'ची हद्द कुठे संपते ते आधी लेखी विचारून घ्यावं. कर्नलचे (ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचे) पॅच, फायरवॉल, 90 दिवसांच्या सर्टिफिकेटचं नूतनीकरण, रोजचा बॅकअप हे सगळं कंपनी चोख करते. साइट संथ का झाली, हे मात्र आपणच शोधायचं.

99.9 टक्के अपटाइमची (सर्व्हर चालू राहण्याची) हमी म्हणजे 30 दिवसांत 43 मिनिटं बंद राहण्याची मुभा. त्यात आधी कळवलेली देखभाल सहसा धरत नाहीत, आणि मोजतात ते सर्व्हर नेटवर्कवर आहे की नाही एवढंच. डेटाबेस मेला तरी कॅशमधलं (आधीच साठवलेल्या प्रतीतलं) मुखपृष्ठ छान दिसत राहतं. म्हणून बाहेरून चालणारं मॉनिटरिंग स्वतः लावायलाच हवं: दर मिनिटाला, डेटाबेसला हात लावणाऱ्या आणि कॅश न होणाऱ्या पानावर, त्या पानातला ठरावीक शब्द तपासणारं. दोन वेगळ्या ठिकाणांहून लागोपाठ दोनदा अपयश आलं तरच सूचना यावी, नाहीतर रात्री फोन उगाच वाजत राहतो.

सगळ्यात जास्त त्रास पीएचपी-एफपीएमचा. मॅक्स चिल्ड्रनचा, म्हणजे एकाच वेळी चालणाऱ्या पीएचपी प्रोसेसच्या (वर्करच्या) कमाल संख्येचा, मूळ आकडा बहुतेक ठिकाणी 5 असतो. गर्दी झाली की विनंत्या रांगेत अडकतात आणि 502 किंवा 504 हे एरर दिसू लागतात. लॉगमध्ये मर्यादा गाठल्याची ओळ स्पष्ट येते, पण ती कोणी बघत नाही. घाईने आकडा 50 केला तर त्याहून वाईट होतं: रॅम संपते आणि कर्नलचा ओओएम किलर (मेमरी संपली की प्रोसेस बंद करणारी यंत्रणा) सर्वाधिक मेमरी धरून बसलेली प्रोसेस मारतो, म्हणजे बहुधा मायएसक्यूएलच. हिशेब साधा आहे. 4 जीबीतून डेटाबेसला 1 जीबी आणि सिस्टिमला अर्धा जीबी सोडला की उरतात सुमारे 2.5 जीबी. एक वर्कर 80 एमबी खात असेल तर 30 पुरे. सुरुवात 25 वर करावी. मॅक्स रिक्वेस्ट्स (किती विनंत्यांनंतर वर्कर बदलायचा तो आकडा) 500 ठेवलं की मेमरी गळणाऱ्या प्लगइनचा वर्कर वेळोवेळी नव्याने सुरू होतो.

डिस्क भरणं हा दुसरा रोग. मायएसक्यूएल 8 मध्ये बायनरी लॉग (डेटाबेसमधल्या बदलांची नोंद) आपोआप चालू असतो आणि 30 दिवस साठतो. रोज पूर्ण बॅकअप होत असेल तर 3 दिवस पुरतात. मात्र त्या लॉगवरून रेप्लिका (डेटाबेसची सतत जुळवली जाणारी प्रत) चालत असेल तर विचारल्याशिवाय कमी करू नये. कधी डिस्क अर्धी रिकामी असूनही 'जागा नाही' असा एरर येतो. तेव्हा आयनोड (प्रत्येक फाइलमागे लागणारी डिस्कवरची नोंद) संपलेले असतात, आणि कारण बहुतेकदा सेशनच्या किंवा कॅशच्या लाखो बारक्या फाइली.

वर्डप्रेसचं क्रॉन (ठरावीक वेळी आपोआप कामं करणारी सोय) साइटला कोणी भेट देण्यावर अवलंबून असतं. ते बंद करून दर 5 मिनिटांनी सिस्टिमच्या क्रॉनने चालवलं की रात्री ग्राहक नसतानाही ऑर्डरच्या मेल वेळेवर जातात.

बॅकअपबद्दल मात्र अजिबात ढिलाई नको. पॅनेलवरची हिरवी खूण म्हणजे फाइल तयार झाली एवढंच. महिन्यातून एकदा तो वेगळ्या सर्व्हरवर उतरवून पाहावा, लागलेला वेळ लिहून ठेवावा आणि शेवटची ऑर्डर तिथे दिसते का ते बघावं. डेटाबेस आणि फाइली वेगवेगळ्या वेळी घेतल्या जात असतील तर नोंदी असतात, फोटो नसतात. एक प्रत दुसऱ्या कंपनीकडे हवीच. खातं बंद पडलं तर त्याच खात्यातल्या बॅकअपचा काय उपयोग?

सपोर्ट चांगला आहे, पण 'साइट स्लो आहे' असं लिहिलं की तीन उत्तरं फुकट जातात. वेळ यूटीसीत, नेमका पत्ता, एरर लॉगच्या दहा ओळी आणि टॉप या कमांडमधला स्टीलचा आकडा (त्याच यंत्रावरच्या इतरांमुळे आपल्याला न मिळालेला प्रोसेसरचा वेळ) द्यावा. तो आकडा सतत 10 टक्क्यांच्या वर असेल तर दोष आपल्या कोडचा नाही, आपला सर्व्हर ज्या यंत्रावर आहे तिथे गर्दी झाली आहे. सर्व्हर दुसऱ्या यंत्रावर हलवून मागावा.