सिक्लिडच्या टाकीसाठी एपीआय मास्टर टेस्ट किट: घ्यावं, पण एकटं नको

माशांच्या टाकीचं पाणी तपासायच्या एपीआय कंपनीच्या फ्रेशवॉटर मास्टर टेस्ट किटमध्ये सात बाटल्या, काचेच्या चार नळ्या आणि रंगांचा तक्ता मिळतो. साधा पीएच, हाय रेंज पीएच, अमोनिया, नायट्राइट आणि नायट्रेट अशा पाच चाचण्या त्यात होतात. यलो लॅब, रेड झेब्रा, डेमासोनी असे आफ्रिकेतल्या मलावी सरोवरातले रंगीत सिक्लिड मासे पाळायचे असतील, तर यातली साध्या पीएचची बाटली बाजूला ठेवून द्या. ती ६.० ते ७.६ पर्यंतच मोजते. मलावीचं पाणी साधारण ७.७ ते ८.६ पीएचचं. त्यामुळे नीट लावलेल्या टाकीतही ही बाटली कायम शेवटचा निळा रंग दाखवते, आणि पीएच ७.६ वरच अडकलाय असा समज होतो. या माशांसाठी ७.४ ते ८.८ मोजणारी हाय रेंजची बाटली वापरायची: ५ मिली पाण्यात ५ थेंब.

किटची खरी किंमत वसूल होते ती अमोनियाच्या चाचणीत. चाचणीत दिसतो तो एकूण अमोनिया. त्यातला विषारी भाग किती, हे पीएचवर ठरतं. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असेल तर तो जेमतेम अर्धा टक्का, पीएच ८ ला पाच टक्क्यांच्या वर आणि ८.५ ला सुमारे पंधरा टक्के. टेट्रांच्या (कमी पीएचच्या मऊ पाण्यातल्या छोट्या माशांच्या) टाकीत जो १ पीपीएम (लिटरमागे १ मिलिग्रॅम) कसाबसा खपून जातो, तोच सिक्लिडच्या टाकीत कल्ले जाळतो. पद्धत सोपी आहे: दोन्ही बाटल्यांचे ८-८ थेंब, ५ सेकंद हलवणं, ५ मिनिटं थांबणं. मात्र शून्याचा पिवळा आणि ०.२५ चा हिरवट पिवळा यांतला फरक एलईडीच्या उजेडात कळत नाही. नळी खिडकीपाशी दिवसाच्या उजेडात तक्त्याच्या पांढऱ्या भागाला टेकवून बघा. हलवताना नळीच्या तोंडावर बोट नको, झाकण लावा. बाटली उभी उलटी धरा, तिरकी धरली की थेंबांचा आकार बदलतो.

सगळ्यात जास्त चुका नायट्रेटमध्ये होतात. दुसऱ्या क्रमांकाच्या बाटलीतला घन भाग तळाशी बसतो. ती आधी टेबलावर आपटून मग ३० सेकंद जोरात हलवली नाही, तर उत्तर खोटं कमी येतं आणि महिनाभर पाणी न बदललेली टाकीही स्वच्छ वाटते. पहिलीचे १० थेंब, नळी हलवा. दुसरीचे १० थेंब, पूर्ण एक मिनिट हलवा. मग ५ मिनिटं थांबा. ४० पीपीएमच्या पुढचे लाल रंग डोळ्यांना सारखेच दिसतात. तिथे १ मिली टाकीचं पाणी ४ मिली डिस्टिल्ड पाण्यात मिसळून चाचणी करा आणि उत्तराला पाचाने गुणा. म्बुनांची (मलावीतल्या खडकांत राहणाऱ्या या सिक्लिडांची) टाकी मुद्दाम दाट भरलेली असते, त्यामुळे ही चाचणी दर आठवड्याला लागते. ४० च्या वर गेलं की पाणी बदला.

आता या किटची मोठी उणीव: केएच (पीएच टिकवून धरणारे पाण्यातले कार्बोनेट) आणि जीएच (कॅल्शियम-मॅग्नेशियमचा एकूण कठीणपणा) यात नाहीत; दोन्ही अंशांत मोजतात. ज्या केएचवर सिक्लिडच्या टाकीचा पीएच टिकतो, त्याचंच मोजमाप डब्यात नाही. मुंबईला तलावांतून आणि पुण्याला खडकवासल्यातून येणारं नळाचं पाणी मऊ, कमी क्षारांचं असतं. खाली प्रवाळाचा चुरा घातला तरी पीएच ८ च्या आसपास तो फारसा विरघळत नाही, म्हणून एकट्या चुऱ्यावर भरवसा नको. शिवाय फिल्टरमधले जिवाणू अमोनियाचं नायट्रेट करताना केएच खात राहतात. तो घसरत गेला की एक दिवस पीएच कोसळतो. म्हणून एपीआयचंच केएच-जीएच किट सोबत घ्या. ५ मिली पाण्यात एकेक थेंब टाकत निळ्याचा पिवळा होईपर्यंत मोजायचं; जितके थेंब, तितके अंश केएच. १० मिली पाणी घेतलं तर एक थेंब म्हणजे अर्धा अंश.

चार फूट लांब, दीड फूट रुंद आणि दीड फूट उंच टाकीत दगड-वाळू वजा जाता सुमारे २०० लिटर पाणी धरा. केएच एक अंशाने वाढवायला ६ ग्रॅम खाण्याचा सोडा लागतो (बेकिंग पावडर अजिबात नको) आणि जीएच एक अंशाने वाढवायला ९ ग्रॅम एप्सम सॉल्ट. केएच ३ वरून ८ वर न्यायचा तर ३० ग्रॅम सोडा. पण मासे आत असतील तर दिवसाला एक-दोन अंशच. ६० लिटर पाणी बदललं तर हिशोब ६० लिटरचाच करा. पूर्ण टाकीचा डोस दर आठवड्याला टाकल्याने केएच वीसवर गेलेल्या टाक्या कमी नाहीत. मराठवाड्यातल्या बोअरच्या पाण्याला सोडा बहुधा लागतच नाही, तिथे आधी मोजा.

नव्या टाकीत मासे सोडण्याआधी फिल्टरमध्ये जिवाणू वाढावेत म्हणून अमोनियम क्लोराइडने अमोनिया २ पीपीएमवर आणा. २४ तासांत अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर येत असतील तरच मासे आणा. याला चार ते सहा आठवडे लागू शकतात आणि मधले कित्येक दिवस नायट्राइटची नळी जांभळीच दिसेल.

पाण्यात बुडवून रंग बघायच्या पट्ट्यांची किट स्वस्त दिसतात, पण कोकणातल्या पावसाळ्यात डबी दोन-चारदा उघडली की पट्ट्या ओल धरतात आणि रंग भरवशाचे राहत नाहीत. बाटल्या घेतानाही लॉट क्रमांक बघा: शेवटचे चार आकडे उत्पादनाचा महिना आणि वर्ष सांगतात. दोन-अडीच वर्षं दुकानात पडून असलेला डबा सवलतीत मिळाला तरी घेऊ नका.