इंग्रजी शब्दांचा आघात: शब्दकोश बघावा की प्रत्यय?

लांब इंग्रजी शब्दात जोर कुठे द्यायचा, हे कळण्याचे दोन मार्ग मी वापरले आहेत. एक, दर शब्द शब्दकोशात बघणं. दुसरा, शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययावरून ओळखणं.

शब्दकोश अचूक, यात वाद नाही, आणि ऑनलाइन कोशात उच्चार ऐकताही येतो. मला वैताग आणला तो शब्दातल्या टिंबांनी. मेरियम-वेबस्टरच्या कॉलेजिएट कोशात मोठा शब्द टिंबं देऊन तोडलेला असतो आणि हेच सिलेबल, म्हणजे एका दमात उच्चारायचे शब्दाचे तुकडे, असं वाटतं. ती टिंबं मुळात छपाईसाठी आहेत, ओळीच्या शेवटी शब्द कुठे तोडावा हे सांगणारी. एकटं अक्षर मागे ठेवायचं नाही असा संकेत असल्याने 'अबाउट'मध्ये दोन सिलेबल असूनही टिंबच नाही! खरी फोड पुढच्या उच्चारात बघायची. तिथेही वेबस्टर आणि ऑक्सफर्ड आघाताची खूण सिलेबलच्या आधी देतात, अमेरिकन हेरिटेज नंतर. दोन कोश आलटूनपालटून बघणाऱ्याला हा रोजचा त्रास.

प्रत्ययांचा मार्ग मला म्हणूनच जवळचा वाटतो. शाळेत वृत्त ओळखताना आपण लघु-गुरू मांडून डावीकडून गण पाडायचो. इथे मोजणी उजवीकडून. '-शन', '-इक', '-इटी' आले की जोर त्यांच्या लगेच आधीच्या सिलेबलवर. 'इलेक्ट्रिक'मध्ये तो 'लेक्'वर, 'इलेक्ट्रिसिटी'मध्ये 'ट्रि'वर. 'रिस्पॉन्सिबिलिटी'त सरळ 'बि'वर. 'फोटोग्राफ'चा जोर 'फो'वर, 'फोटोग्राफिक'चा 'ग्रा'वर, तर 'फोटोग्राफी'त शेवटून तिसऱ्या सिलेबलवर. तिथे जोर सरकला की बाकीची सिलेबल आखडतात आणि ऐकू येतं 'फटॉग्रफी'. आपण मराठी माणसं चारही सिलेबल सारखीच ठासून म्हणतो, तिथेच समोरचा अडखळतो.

अपवाद आहेत. 'पॉलिटिक्स', 'कॅथलिक' आणि 'अ‍ॅरबिक' पहिल्याच सिलेबलवर जोर घेतात. शिवाय 'डेव्हलप' किंवा 'हॉटेल'ला असा प्रत्ययच नाही. जोर 'व्हे'वर आणि 'टे'वर, हे कोशातूनच कळणार.

एखाददुसरा शब्दच अडत असेल तर कोश पुरे, कदाचित तोच बरा. पण मुलाखत किंवा सादरीकरण तोंडावर असेल तर मी आधी प्रत्यय पाठ करायला सांगेन. बोलता बोलता कोश उघडता येत नाही, प्रत्यय मात्र शब्दातच असतो.