वरून मुंबई बघायची तर कोणता युरोपीय उपग्रह, सेंटिनेल-२ की सेंटिनेल-१?

ऑक्टोबर ते मे सेंटिनेल-२ला तोड नाही. तो सूर्यप्रकाशात टिपतो, प्रकाशाच्या १३ पट्ट्यांमध्ये. त्यातल्या चार पट्ट्यांत एक पिक्सेल म्हणजे जमिनीवरचे १० बाय १० मीटर. डोळ्यांना न दिसणारा निकट-अवरक्त पट्टा चित्रात लाल रंगाने दाखवला की ठाणे खाडीच्या दोन्ही काठांची कांदळवनं लालभडक उठून दिसतात. मध्येच कुठे भराव पडला असेल तर तो करडा डाग लपत नाही. तो पाहिला की जीव तुटतो.

पण जूनमध्ये ढग आले की संपलं. दर फेरीला नुसता पांढरा कापूस, आणि मिठी नदीवर नजर ठेवायची ती नेमकी तेव्हाच!

तिथे सेंटिनेल-१. हे रडार. स्वतःच साधारण साडेपाच सेंटीमीटरच्या लहरी सोडतं, ढगांतून, रात्रीसुद्धा. शांत पाणी लहर भलतीकडे परतवतं, म्हणून विहार तलाव काळाकुट्ट आणि इमारती लखलखीत. मात्र चाळींमधल्या गल्लीत तुंबलेलं पाणी त्याला नीट ओळखता येत नाही. लहर पाण्यावरून भिंतीवर आपटून परत येते आणि सगळं उजळच दिसतं. रंग नाहीत, चित्र दाणेदार, डोळा बसायला वेळ लागतो. तरी जुलैत मी हेच उघडतो. डेटा दोन्हींचा फुकट आहे.