रोडगा, बोडकी आणि सहा घटक : विनोदाच्या भाषेवरील एका कार्यशाळेविषयी

छत्रपती संभाजीनगरातील एका संस्थेने भरवलेल्या, साहित्यातील शाब्दिक विनोदावरच्या दोन दिवसांच्या कार्यशाळेला मी परभणीहून गेलो होतो. शुल्क बाराशे रुपये; त्यात चहा, एक वेळचे जेवण आणि छापील टिपणे. कनिष्ठ महाविद्यालयात मराठी शिकवताना ‘सर, यात हसण्यासारखं काय आहे?’ हा प्रश्न दरवर्षी येतो आणि दरवर्षी मी तो टोलवतो. त्यामुळे हसू नेमके कोणत्या शब्दापाशी फुटते, हे कुणीतरी उलगडून दाखवावे एवढीच माझी अपेक्षा होती. पहिल्या दिवशी ती पुरी झाली, दुसऱ्या दिवशी मात्र अर्धीच.

सुरुवात भाषाशास्त्रज्ञ व्हिक्टर रास्किन यांच्या विनोदाविषयीच्या १९८५ च्या सिद्धान्ताने झाली. एकच मजकूर दोन संदर्भचौकटींत बसतो, त्या चौकटी एकमेकींच्या विरोधात असतात आणि शेवटचा एखादा शब्द ऐकणाऱ्याला एका चौकटीतून दुसरीत ढकलतो, हे त्याचे सार. मार्गदर्शकांनी फळ्यावर ‘पाणी आलं का?’ आणि खाली ‘आलं की, डोळ्यांत’ एवढेच लिहिले. सभागृहातले लातूरकर सर्वांत आधी हसले. २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने आलेले पाणी प्यायलेल्यांना दोन्ही चौकटी समजावून सांगाव्या लागत नाहीत. मग ‘पाणी’ पुसून तिथे ‘जल’ लिहिले आणि विनोद जागीच मेला. शब्द बदलून पाहण्याची ही कसोटी संस्कृत काव्यशास्त्रकार मम्मटाने अकराव्या शतकात शब्दालंकार आणि अर्थालंकार वेगळे करण्यासाठी वापरली होती, हे त्याच ओघात सांगितले गेले. पाश्चात्त्य सिद्धान्त आणि आपले साहित्यशास्त्र असे शेजारी बसवणे मला फार आवडले.

खरी मेजवानी दुपारच्या सत्रात होती. पैठणच्या एकनाथांचे ‘सत्वर पाव गे मला, भवानीआई रोडगा वाहीन तुला’ हे भारूड ओळीओळीने वाचले गेले. घाट नवसाचा, स्वर प्रार्थनेचा आणि मागणे मात्र घरच्या एकेकाच्या सत्यानाशाचे, हा मोठा विरोध कुणालाही दिसतो. मौज त्याच्या खालच्या थरात आहे. मागणे सगळे घर रिकामे करण्याचे आणि त्याबदली देवीला काय, तर गोवऱ्यांच्या आरावर भाजलेला कणकेचा गोळा! ‘नणंदेचे पोर किरकिर करिती’ या तक्रारीवर ‘खरूज होऊ दे त्याला’ हा उपाय येतो, तेव्हा गुन्हा आणि शिक्षा यांच्यातल्या तफावतीने हसू येते. पण ‘जाऊ माझी फडफड बोलती, बोडकी कर ग तिला’ या ओळीची जात वेगळी आहे. बोडकी म्हणजे केशवपन केलेली विधवा. म्हणजे जावेचे तोंड बंद करण्यासाठी मरायचे आहे ते दिराला आणि त्याचे तर ओळीत नावही नाही. ऐकणाऱ्याने तो मृत्यू स्वतःच्या मनात घडवून आणायचा आणि मग दचकून हसायचे. गेली कित्येक वर्षे मी हे भारूड शिकवतो. तो न उच्चारलेला दीर मला त्या दुपारी पहिल्यांदा दिसला.

दुसऱ्या दिवशी साल्वातोरे अत्तार्दो आणि रास्किन यांनी १९९१ मध्ये मांडलेला विस्तारित सिद्धान्त होता. चौकटींचा विरोध, त्यामागचा तर्क, प्रसंग, लक्ष्य, कथनाची रीत आणि भाषा असे सहा घटक त्यात असून भाषा सर्वांत तळाशी येते. शाब्दिक कोटीचा अपवाद सोडला तर शब्द बदलूनही विनोद तोच राहतो, असा त्याचा अर्थ. इथे वाद व्हायला हवा होता. ‘बोडकी कर’ ऐवजी ‘विधवा कर’ म्हणून पाहा : यात कोटी नाही, अर्थही जवळपास तोच, तरीही ओळीतली धग गेली. आदल्या दिवशीची कसोटी हाताशी असताना ती इथे लावली गेली नाही आणि मी विचारले तेव्हा ‘वेळ कमी आहे’ असे उत्तर मिळाले. त्यानंतर अर्धा तास चित्रफिती दाखवण्यात गेला.

बोलीचेही तसेच झाले. ज्या शहरातल्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’मध्ये एकट्याने ५२ पात्रे उभी केली, तिथे बोली आणि विनोद यांना वीस मिनिटे मिळावीत, हे पटत नाही. ‘काय करायलास?’ यात मुळात विनोद काहीच नाही. आमच्याकडे ते साधे विचारणे आहे. पुण्याच्या रंगमंचावर त्यावर हशा पिकतो तेव्हा लक्ष्य कोण, वाक्य की ते बोलणारा माणूस, हा उदगीरच्या एका शिक्षिकेने विचारलेला प्रश्न दोन दिवसांतला सर्वांत चांगला प्रश्न होता. त्याला उत्तर मिळाले नाही.

टिपणांची पाने उलटसुलट जोडलेली होती आणि भारुडाची संहिता त्यांत नव्हतीच. जेवण उत्तम, सभागृहातले पंखे मात्र नावालाच. मराठी शिकवणाऱ्यांनी पहिल्या दिवसासाठी जरूर जावे, भारूड घरूनच उतरवून न्यावे आणि दुसऱ्या दिवशी चित्रफिती सुरू होण्याआधीच हात वर करावा.