फॉर्मलिन भरलेली बायोप्सीची डबी: प्रयोगशाळेच्या टेबलावरून अभिप्राय

छत्रपती संभाजीनगरातील एका कर्करोग रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत मी सहायक आहे. बाहेरगावाहून येणारा बायोप्सीचा नमुना, म्हणजे तपासणीसाठी काढलेला शरीराचा तुकडा, आधी माझ्याच टेबलावर येत असल्यामुळे तुकड्याच्याही आधी माझी नजर तो कशात घालून आणला आहे याकडे जाते. गेल्या वर्षभरात काही डॉक्टर फॉर्मलिन (तुकडा सडू न देणारे, फॉर्मल्डिहाइडचे पाण्यातले द्रावण) भरूनच मिळणारी, रुंद तोंडाची, साठ मिलिलिटरची पारदर्शक डबी पाठवू लागले आहेत.

तिचे मोल कळायला आधीची तऱ्हा पाहिलेली असावी लागते. इंजेक्शनच्या रिकाम्या बाटलीत कोंबलेला मऊ तुकडा फॉर्मलिनमध्ये ताठ होतो आणि मग अरुंद तोंडातून बाहेर निघत नाही; शेवटी काच फोडावी लागते. त्याहून वाईट म्हणजे नुसत्या सलाईनमध्ये, एप्रिलच्या उन्हात, पाच-सहा तास एसटीच्या प्रवासात राहिलेला नमुना. सलाईनने पेशी टिकत नाहीत, त्या सडू लागतात. तंबाखूची मिसरी लावणाऱ्या एका आजींच्या गालातला तुकडा असाच आला होता. स्लाइडवर काहीच धड ओळखू येईना, आणि त्या माउलीला पुन्हा बायोप्सी करून घ्यावी लागली.

या डबीत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मलिन असते, म्हणजे प्रत्यक्षात सुमारे ४ टक्के फॉर्मल्डिहाइड. बफर नसलेले फॉर्मलिन आम्लधर्मी होत जाते आणि रक्ताळ तुकड्यांत काळपट-तपकिरी कण सोडते. दवाखान्यात बोअरच्या पाण्यात अंदाजपंचे केलेल्या द्रावणाने हा त्रास मी पुष्कळ वेळा पाहिला आहे. डबीच्या नमुन्यांत तो जवळजवळ दिसलेला नाही. झाकण पक्के बसते आणि पिशवीत आडवी पडली तरी ती गळत नाही.

तक्रारी मात्र आहेत. धोक्याची सूचना फक्त इंग्रजीत आहे. फॉर्मल्डिहाइड हा माणसात कर्करोग घडवणारा पदार्थ म्हणून जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने नोंदवलेला असताना, नमुना घेऊन येणाऱ्या नातेवाइकाला डबी उघडून हुंगू नये हे मराठीत कोणी सांगायचे? लेबलावरची बॉलपेनची शाई फॉर्मलिन लागताच पसरते. शिवाय द्रावण तुकड्याच्या किमान दहापट हवे, हे विसरून काही जण मोठी गाठच या डबीत दाबून बसवतात; ही डबी छोट्या बायोप्सीसाठीच आहे.

सर्वांत मोठी उणीव म्हणजे तुकडा फॉर्मलिनमध्ये टाकल्याची वेळ लिहायला जागाच नाही. स्तनाच्या कर्करोगात इस्ट्रोजेन रिसेप्टरसारख्या (गाठ इस्ट्रोजेन या संप्रेरकाला प्रतिसाद देते का हे पाहणाऱ्या) तपासण्यांसाठी तुकडा ६ ते ७२ तास फॉर्मलिनमध्ये राहिलेला असावा लागतो, आणि शुक्रवारी परळीहून निघालेली डबी सोमवारी हातात आली की हा हिशेब आम्ही फोन करकरून लावतो.

रिकाम्या डबीपेक्षा ती महाग पडते, तरी तालुक्याच्या प्रत्येक शस्त्रक्रियागृहात अशा दहा-वीस डब्या असाव्यात असे माझे मत आहे. कंपनी लेबल सुधारेपर्यंत डॉक्टरांनी वेळ पेन्सिलीने लिहावी, आणि रुग्णाचे नाव झाकणावर न लिहिता डबीच्या अंगावर लिहावे, कारण तपासणीच्या टेबलावर उघडलेली सगळी झाकणे एकाच रांगेत पडलेली असतात.