लढत मोडली तर? रियाध, लंडन की दादरचा सोफा

शिवाजी मंदिरच्या खिडकीवर 'अपरिहार्य कारणामुळे आजचा प्रयोग रद्द' अशी पाटी दिसली तर दादरचा माणूस काय करतो? चार शब्द पुटपुटतो, पैसे परत घेतो, वडापाव खातो आणि घरी जातो. फार तर एक संध्याकाळ गेली. तीच पाटी रियाधच्या नाहीतर लंडनच्या दारावर लागली की हिशेब पार बदलतो, कारण तिकिटाच्या मागे विमान, व्हिसा, हॉटेल आणि साहेबाशी भांडून मिळवलेली रजा अशी सगळी वरात उभी असते.

माझा भाचा ऐरोलीत नोकरीला लागलाय. हातात पहिल्यांदाच पैसे खेळतायत आणि बॉक्सिंगच्या पुढच्या मोठ्या हेवीवेट, म्हणजे सगळ्यात जड गटातल्या, लढतीला प्रत्यक्ष जायचंच असं त्याने ठरवलंय. "मामा, बुक करून टाकू का?" असं विचारायला आला होता. त्याला जे सांगितलं तेच इथे जरा सविस्तर लिहितोय. पर्याय तीन: रियाध, लंडन, नाहीतर घरी बसून बघणं. लास वेगस मी यात धरतच नाही. अमेरिकेचा व्हिसा आधीपासून पासपोर्टवर असेल त्यांनी खुशाल जावं. बाकीच्यांची बीकेसीतल्या मुलाखतीची तारीख येईपर्यंत दोघांपैकी एखादा बॉक्सर निवृत्त झालेला असेल.

आधी माझी फजिती सांगतो, म्हणजे सल्ला कुठून येतोय ते कळेल.

टायसन फ्युरी आणि ओलेक्सांद्र उसिक यांची पहिली लढत १७ फेब्रुवारी २०२४ ला रियाधमध्ये ठरली होती. लेनॉक्स लुईसनंतर पहिल्यांदाच हेवीवेटचा निर्विवाद विजेता, म्हणजे सगळ्या प्रमुख संघटनांच्या विजेतेपदाच्या पट्ट्या एकट्याकडे असलेला माणूस, ठरणार होता. मी जानेवारीतच विमान काढलं, स्वस्तात स्वस्त, परतावा नसलेलं. २ फेब्रुवारीला, शुक्रवारी संध्याकाळी, लोकलच्या दारापाशी उभा होतो तेव्हा मित्राचा मेसेज आला: 'फ्युरीचा डोळा फुटला.' सरावात उजव्या डोळ्याच्या वर खोल चीर पडली होती. लढतीला पंधरा दिवस बाकी. विमान कंपनीने करांपोटी किरकोळ रक्कम परत केली, भाड्यातला एक रुपयाही नाही. नियम त्यांच्या बाजूने होता, टिचकी मीच मारली होती.

नवी तारीख आली १८ मे. शनिवार. मी बँकेत असतो आणि २० मेला मुंबईत लोकसभेचं मतदान होतं, म्हणजे निवडणुकीच्या कामाचा आदेश हातात. १९ तारखेला सकाळी यंत्रं आणि साहित्य ताब्यात घ्यायला हजर व्हायचं होतं. तेव्हा पहाटे साडेतीनला सोफ्यावर बसून लढत बघितली. नवव्या फेरीत उसिकने फ्युरीला एका दोरावरून दुसऱ्या दोरावर भिरकावलं, पंचाने उभ्याउभ्याच आकडे मोजले. उसिक दोन विरुद्ध एक अशा पंचांच्या मतांनी जिंकला. मी अंघोळ करून साहित्य घ्यायला निघालो. ज्या लढतीसाठी विमानाचे पैसे बुडवले ती शेवटी दिसली ती अशी.

त्यानंतर मी जुन्यानव्या मोडलेल्या लढतींचा मागोवा घेतला, आणि तिकीट काढणाऱ्याच्या नजरेने बघितलं तर त्यातून एक गोष्ट स्पष्ट दिसते. हेवीवेटची लढत मोडते ती बहुतेक वेळा शेवटच्या दोन आठवड्यांत. १९६४ मध्ये मुहम्मद अली आणि सॉनी लिस्टन यांची दुसरी लढत बॉस्टनमध्ये होती. तीन दिवस आधी अलीला हर्नियाचं ऑपरेशन करावं लागलं. १९७४ मध्ये किन्शासात अलीविरुद्ध लढायच्या आठ दिवस आधी जॉर्ज फोरमनच्या डोळ्यावर सरावात चीर पडली. २०१३ मध्ये डेव्हिड हे ('हे' त्याचं आडनाव) आणि फ्युरी यांची मँचेस्टरची लढत एक आठवडा आधी मोडली, तेव्हाही चीरच, फक्त डोळा डेव्हिडचा. २०१७ मध्ये कुब्रात पुलेवचा खांदा बारा दिवस आधी गेला. २०२३ मध्ये डिलियन व्हाइटच्या उत्तेजक चाचणीचा निकाल बरोबर एक आठवडा आधी आला. आणि फेब्रुवारी २०२५ मध्ये डॅनियल डुब्वा रियाधमध्ये पोचून, पत्रकार परिषदांचं वातावरण तापवून, दोन दिवस आधी आजारी पडला.

हे असं का, तर शेवटच्या महिन्यात सराव सगळ्यात कडक असतो. समोर शंभर-एकशे दहा किलोचा माणूस, तोही खरोखर मारणारा. डोक्याला पॅडिंगचं शिरस्त्राण असलं तरी कोपर लागतंच. फोरमनला सराव-जोडीदाराचं कोपरच लागलं होतं. भुवईवरची कातडी एकदा फाटली की ती जुळायला आठवडे लागतात, आणि अर्धवट जुळलेल्या जखमेवर कुठलाही डॉक्टर रिंगमध्ये सोडत नाही. उत्तेजकांच्या चाचण्याही याच काळात न सांगता होतात.

एक धोका मात्र हेवीवेटमध्ये नाहीच, तो तराजूचा. खालच्या गटांत आदल्या दिवशी कुणी दोन पौंड जास्त भरला की सगळं अडतं. हेवीवेटला २०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ९१ किलोंच्या वर मर्यादाच नाही. त्यामुळे ऐनवेळी दुसरा माणूस उभा करणंही इथे सोपं जातं. डुब्वाच्या जागी मार्टिन बाकोले काँगोहून विमानाने आला, लढतीच्या दिवशीच्या पहाटे रियाधला उतरला आणि रात्री जोसेफ पार्करसमोर उभा राहिला. दुसऱ्या फेरीत संपला, पण उभा राहिला. लाइटवेटवाल्याला असं जमलं असतं का? आठवडाभर पाणी कमी करत सुकलेला माणूस दोन दिवसांत मिळत नाही. (त्याच रात्री लाइटवेटचीही एक लढत मोडली होती आणि तिथेही बदली मिळाला, जॉश पॅडली नावाचा इलेक्ट्रिशियन. तेव्हा माझा सिद्धांत अगदी काळ्या दगडावरची रेघ नाही.)

कोर्टकचेऱ्यांनी मोडणाऱ्या लढती वेगळ्या. मे २०२१ मध्ये फ्युरीने अँथनी जोशुआबरोबरची तारीख जाहीर केली, १४ ऑगस्ट, सौदी. लवादाने लगेच सांगितलं की आधी डिऑन्टे वाइल्डरशी तिसरी लढत व्हायला हवी. मनस्ताप भरपूर, पण तेव्हा तिकीटविक्री सुरूच नव्हती. आपल्या खिशाला या प्रकाराचा धोका नाही. तिकिटं निघाल्यावर जे मोडतं तेच महाग पडतं.

आता मोडते म्हणजे काय होतं? इथे नाटकवाल्यांची भाषा पुन्हा कामाला येते. एक, प्रयोग पुढे गेला. दोन, प्रयोग आजच, पण भूमिकेत बदल. तीन, प्रयोग कायमचा बंद.

चार पट्ट्यांची, निर्विवाद विजेतेपदाची लढत सहसा पुढे जाते, कारण उसिकच्या जागी दुसरा उसिक आणणार कुठून? स्वतःच्या नावावर स्टेडियम भरणाऱ्या स्टारची लढत मात्र त्याच तारखेला, माणूस बदलून होते. व्हाइट बाद झाल्यावर जोशुआसमोर रॉबर्ट हेलेनियस आला आणि सातव्या फेरीत कोसळला. मुंबईहून गेलेल्याला हा प्रकार पहिल्यापेक्षा परवडतो की नाही हे स्वभावावर आहे. विमान वाया जात नाही, पण हापूस सांगून पायरी दिल्यासारखं वाटतं, आणि तिकिटावर बारीक अक्षरांत 'कार्डमध्ये बदल होऊ शकतो' (कार्ड म्हणजे त्या रात्रीच्या लढतींची यादी) असं लिहिलेलं असतं, त्यामुळे पैसे मागायला तोंड राहत नाही. कधी कधी बदलीच भारी निघतो. जून २०१९ मध्ये न्यूयॉर्कला जोशुआसमोर जॅरेल मिलर यायचा होता, तो चाचण्यांत अडकला, त्याच्या जागी गुटगुटीत अँडी रुईझ आला आणि त्याने जोशुआला सातव्या फेरीत घरी पाठवलं. त्या रात्री मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये असलेल्या कुणीही पैसे परत मागितले नसतील.

तिसरा प्रकार सगळ्यात वाईट, कारण तो पहिल्याचा वेष घेऊन येतो. डेव्हिड हे आणि फ्युरीची लढत आधी फेब्रुवारी २०१४ वर गेली, मग डेव्हिडच्या खांद्याचं ऑपरेशन झालं आणि ती कधीच झाली नाही. व्लादिमीर क्लिट्स्को आणि फ्युरीची दुसरी लढत जुलै २०१६ हून ऑक्टोबरवर गेली, आणि ऑक्टोबरमध्ये फ्युरी लढायच्या अवस्थेत नव्हता. म्हणून एकदा पुढे गेलेल्या लढतीच्या नव्या तारखेला लगेच विमान काढू नये. माझा तरी आता हा नियम आहे.

रियाधचं सांगायचं तर मुंबईहून थेट विमान, साडेचार तासांच्या आसपास. खेपा भरपूर. त्यामुळे चार-पाच दिवस आधी तिकीट काढलं तरी खिशाला खिंडार पडत नाही, आणि आपल्याला नेमकं तेच हवंय. सौदीचा पर्यटक ई-व्हिसा वर्षभर चालतो. ब्रिटन, अमेरिका किंवा शेंगेनचा वापरलेला, मुदतीतला व्हिसा असेल तर तो ऑनलाइनच निघतो. फ्युरी-उसिक ९१ दिवस पुढे गेली, तरी असा व्हिसा वाया गेला नसता. आणखी एक जमेची बाजू म्हणजे तिथलं कार्ड खोल असतं. २२ फेब्रुवारी २०२५ च्या त्या रात्री दोन लढती मोडल्या, तरी मुख्य लढत, दिमित्री बिवोल आणि आर्तुर बेटरबिएव्ह यांची दुसरी, शाबूत होती. नुसती ती बघायलाही मी गेलो असतो. उणं काय, तर लढत मोडली की शहरात मन रमवायला फार काही हाताशी नसतं. दोन दिवस मॉल, खजूर आणि हॉटेलची खोली.

लंडनचं गणित उलटं. विमान दहा तासांचं, आणि ऐनवेळी काढलेलं भाडं ऐकूनच घाम फुटतो. म्हणजे लवकर काढावं लागतं आणि लवकर काढलं की तोच शेवटच्या पंधरवड्याचा धोका. व्हिसासाठी बोटांचे ठसे द्यायला जायचं, कागदांचा गठ्ठा द्यायचा, फी परत मिळत नाही ती नाहीच. नेहमीचा व्हिसा सहा महिन्यांचा, त्यामुळे तीन महिने पुढे गेलेली लढत त्यात बसू शकते. अली-लिस्टनची १९० दिवसांनी झाली होती, ती बसली नसती. (शिवाय ती बॉस्टनमध्ये झालीच नाही. मेन राज्यातल्या लेविस्टन नावाच्या छोट्या गावात गेली आणि पहिल्याच फेरीत आटोपली.) पण वेम्ब्लीवर नव्वद हजार लोक एका सुरात गातात, ते रियाधच्या गार हॉलमध्ये नाही. एप्रिल २०१७ ची जोशुआ-क्लिट्स्को लढत मी टीव्हीवर बघितली, तरी अंगावर काटा आला होता. आणि लढत मोडली तरी लंडन उरतंच. तिथे मावशी-आत्या असेल तर हॉटेलचाही प्रश्न मिटला.

विम्याबद्दल सगळे विचारतात. प्रवास विमा तुम्ही आजारी पडलात तर कामाचा. बॉक्सर आजारी पडला तर सहसा नाही. पॉलिसी वाचा.

उरला सोफा. इथे पैसे लढतीच्या रात्री भरायचे, दोघे वजन देऊन मोकळे झाल्यावर. म्हणजे मोडण्याचा धोका जवळजवळ शून्य. रियाध आपल्या अडीच तास मागे आहे, मुख्य लढत तिथे मध्यरात्रीनंतर, म्हणजे आपल्याकडे तीन-साडेतीन. लंडनची उन्हाळ्यात अडीच-तीनच्या सुमारास. वेगसची रविवारी सकाळी, पोहे खात. त्रास वेगळे असतात. नोव्हेंबर २०२४ मध्ये माइक टायसन आणि यूट्यूबवरून बॉक्सिंगमध्ये आलेला जेक पॉल यांची लढत (तीही जुलैहून पुढे गेलेली, टायसनच्या अल्सरमुळे) नेटफ्लिक्सवर होती आणि पडद्यावर टायसनपेक्षा ते गोल फिरणारं चाक जास्त हललं. मित्र जमवले तर खालच्या मजल्यावरच्या काकू सकाळी जिन्यात गाठतात. आणि पहिली लोकल पकडून घरी जाणाऱ्यांनी रविवारचा मेगाब्लॉक आधी बघून ठेवावा.

तर भाच्याला सांगितलं ते असं. चार पट्ट्यांची लढत रियाधला असेल तर प्रवेशाचं तिकीट लवकर घे, व्हिसा काढून ठेव, हॉटेल फुकट रद्द होणारं बघ आणि विमान लढतीच्या आठवड्यात काढ, दोन पैसे जास्त गेले तरी. लंडनला जायचं तर आधी लंडनला जायचं म्हणून जा, लढत त्यात बसव, आणि जोशुआसारखा तारखेलाच लढणारा स्टार असेल तर जास्त बरं. पुढे ढकललेल्या लढतीला दुसऱ्यांदा पैसे लावायचे नाहीत.

त्याने सगळं मोबाइलवर टिपून घेतलं. मग विचारलं, "आणि फ्युरी असेल तर?"

फ्युरी असेल तर माझ्याकडे ये, म्हटलं. सोफ्याचा पलंग होतो.