ऑरगॅनिक माचा, पावसाळाभर वापरून: चहा चांगला, झिप भिकार

आधी झिपबद्दलच लिहितो, कारण राग तिथेच आहे. माचाचं, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या पुडीचं 100 ग्रॅमचं पाकीट, 2,900 रुपये. वर जपानच्या सेंद्रिय शेतीचा जेएएस शिक्का, दक्षिण जपानातल्या कागोशिमाचा माल, पहिल्या तोडणीची पानं, दगडी जात्यावर दळलेली. सगळं खरं धरून चालू. पण हे ज्या पाकिटात भरलंय त्याची झिप दहा रुपयांच्या गरम मसाल्यालाही शोभणार नाही. माचाची पूड इतकी बारीक असते की चमचा बाहेर काढताना उडते ती नेमकी झिपेच्या खोबणीत जाऊन बसते. वरून अंगठा फिरवला की टकटक आवाज येतो, आपल्याला वाटतं लागली. एका कोपऱ्यात फट राहिलेलीच असते. मी शेवटी दात घासायच्या जुन्या कोरड्या ब्रशने रोज ती खोबण साफ करायला लागलो. घरचे हसतात, हसू देत.

डोंबिवलीतला जुलै म्हणजे मीठसुद्धा डब्यात पाणी सोडतं. पाकीट फोडलं तेव्हा पूड लख्ख पोपटी होती आणि वासही छान, ताज्या पानांचा. गणपती येईपर्यंत गुठळ्या धरल्या, वास बसला आणि रंग वाळलेल्या मेंदीसारखा झाला. फोटो काढून कंपनीला पाठवले. (नाव लिहीत नाही, त्यांची फुकट जाहिरात नको.) उत्तर आलं: "सर, आमचं प्रॉडक्ट ऑरगॅनिक असल्यामुळे रंगात नैसर्गिक फरक पडतो." मी विचारलं, मग पाकीट फोडलं त्या दिवशी ते ऑरगॅनिक नव्हतं का? त्यावर तक्रारीचं तिकीट 'रिझॉल्व्ह्ड'.

या उत्तरामुळे डोकं फिरलं आणि मी माचा पिकतो कसा हे मुळापासून वाचून काढलं. इथे कंपनीला अर्धे गुण द्यावे लागतात.

माचाची झुडपं तोडणीआधी साधारण तीन ते चार आठवडे काळ्या जाळीखाली झाकतात. ऊन तुटलं की पानात हरितद्रव्य वाढतं, म्हणून तो गडद हिरवा रंग. दुसरी गोष्ट चवीची. थिआनिन नावाचं अमिनो आम्ल झुडपाच्या मुळांत तयार होतं आणि पानात चढतं. उन्हात त्याचं रूपांतर कॅटेचिनमध्ये होतं, म्हणजे तुरटपणात. सावलीत ते तसंच टिकतं, आणि जिभेवर जी गोडसर, भरलेली चव येते ती त्याची. तोडलेली पानं लगेच काही सेकंद वाफवतात, न वळता भट्टीत सुकवतात, मग देठ आणि शिरा काढून टाकतात. उरतो तो तेन्चा. तो जात्यात जातो. एक दगडी जातं तासाला 30 ते 40 ग्रॅम दळतं, जोरात फिरवलं तर पूड तापते आणि वास जातो. म्हणजे माझं एक पाकीट म्हणजे एका जात्याचं जवळजवळ तीन तासांचं काम. इतकं सगळं करून शेवटी ती झिप!

आता सेंद्रियचा भाग. थिआनिनला लागतो नत्र, आणि चहा हे नत्राच्या बाबतीत महाखादाड झाड. रासायनिक खत दिलं की ते पटकन मिळतं. सेंद्रियवाल्यांकडे मोहरीवर्गातल्या बियांची पेंड, माशांची भुकटी, कंपोस्ट. हे सगळं मातीत कुजून हळूहळू लागू पडतं. त्यात झुडपावर जाळी टाकणं म्हणजे त्याची उपासमारच. ज्याचं पोषण मंद, त्याला फार दिवस अंधारात ठेवता येत नाही. म्हणून सेंद्रिय माचा बऱ्याचदा थोडा फिका आणि किंचित कडवट निघतो. कंपनीच्या वाक्यात एवढं तथ्य आहे.

कागोशिमाच का, हेही कळलं. क्योतोजवळचं उजी माचासाठी नावाजलेलं, पण तिथली शेतं लहान आणि डोंगरउतारावरची. शेजाऱ्याने फवारलं की आपल्या शेतावर उडालंच. जेएएसच्या नियमात ते चालत नाही, शिवाय चहासारख्या बहुवर्षीय पिकाला शिक्का मिळायच्या आधी किमान तीन वर्षं बंदी असलेलं काहीही वापरायचं नाही. ती तीन वर्षं उत्पन्न कमी आणि भाव नेहमीचाच. दक्षिणेकडे कागोशिमात सपाट, मोठी शेतं आणि यंत्राने तोडणी, त्यामुळे हा धंदा तिथे जमला. किरिशिमासारख्या उंच, थंड रात्रींच्या भागात किडीचा त्रासही कमी. 2024 मध्ये तर एकूण कच्च्या चहाच्या उत्पादनात कागोशिमाने शिझुओका या चहाच्या जुन्या प्रांताला पहिल्यांदाच मागे टाकलं. आणखी एक गंमत: साकुराजिमा ज्वालामुखी तिथे अधूनमधून राख उडवत असतो, म्हणून कारखान्यांत वाफवण्याआधी पानं धुवायची यंत्रं असतात. आपण पान गाळून टाकत नाही, अख्खं पितो, तेव्हा हे वाचून मला जरा बरं वाटलं. सेंद्रियसाठी जास्त पैसे मोजायचं माझं कारणही तेच.

तरीही झिपेचा मुद्दा सुटत नाही. ऑफिसातला एक मित्र क्योतोहून उजीचा 20 ग्रॅमचा डबा घेऊन आला, साधा, सेंद्रिय नसलेला. दोन्ही पांढऱ्या बशीत शेजारी ठेवले. त्याचा हिरवा जास्त गडद, चव जास्त गोडसर, कडवटपणा जवळपास नाही. हा फरक शेतीचा, मान्य. पण माझ्याच पाकिटातला एक चमचा मी पहिल्या आठवड्यात स्टीलच्या छोट्या घट्ट डबीत भरून फ्रिजमध्ये मागे ढकलून ठेवला होता, प्रवासात न्यायला म्हणून. तो काढला तर अजून पोपटी! तीच पूड, तोच शिक्का. मग मेंदीचा रंग सेंद्रियतेने आणला की हवेने? हा फोटोही पाठवला. उत्तर नाही.

ज्यांनी पाकीट आधीच घेतलंय त्यांच्यासाठी: आल्या दिवशीच दोन-तीन घट्ट स्टीलच्या डब्यांत वाटून टाका, एकच वापरायला काढा. फ्रिजमधून काढलेला डबा लगेच उघडू नका, घरच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर आत दव धरतं. आणि पाकीट तसंच फ्रिजमध्ये ठेवू नका. माझ्या माचाला मधले काही दिवस लसणीच्या चटणीचा वास येत होता.

चवीबद्दल थोडक्यात. उकळतं पाणी नको, 80 अंशाच्या आत. पूड आधी चहाच्या गाळणीतून चाळून घ्या, गुठळ्या तिथेच मोडतात. बांबूचं चासेन (माचा घुसळायची जपानी रवी) घेतलं नाही, 1,200 रुपये फेस काढायला देणार नाही. आईची लहान रवी पुरते, फेस जरा मोठ्या बुडबुड्यांचा येतो एवढंच. नुसत्या पाण्यात हा माचा शेवटी कडवट लागतो, दुधात मात्र उत्तम, आणि तो कडवटपणाच दुधात चव टिकवून धरतो. सुरुवातीला मी याला दोन तारे देणार होतो, दुधातल्या कपाने ते साडेतीन झाले. 2 ग्रॅमच्या कपात साधारण 60 मिलिग्रॅम कॅफीन असतं, त्यामुळे संध्याकाळी सहानंतर घेतला तर रात्री पंखा मोजत पडावं लागतं. कप पडतो 58 रुपयांना. मी 1 ग्रॅमच घालतो, 29 रुपये. कोपऱ्यावरच्या कॅफेत यापेक्षा फिकं पाणी 280 ला देतात.

विकत घेताना पाकिटावर नुसतं 'ग्रीन टी पावडर' असेल तर सावलीत वाढवलेल्या पानांचा उल्लेख आहे का बघा. नसेल तर बहुतेक उन्हातल्या साध्या चहाची भुकटी असते, तिला हा भाव देऊ नका. 'सेरेमोनियल ग्रेड' या शब्दांना जपानात कुठल्याही सरकारी प्रतवारीचा आधार नाही, कोणीही छापू शकतो. तोडणीचं वर्ष आणि भाग छापलेला असेल तर तेवढं पुरे.

चहाला साडेतीन, पाकिटाला शून्य. परवा कंपनीचा मेल आला: गैरसोयीबद्दल दिलगिरी, पुढच्या खरेदीवर 10 टक्के सूट, किमान खरेदी 3,000 रुपये. पाकीट 2,900 चं आहे.